इरॅस्मस आणि मोर यांची पत्रे: कोणती आवृत्ती घ्यावी?

डेसिडेरियस इरॅस्मस आणि थॉमस मोर यांची मैत्री १४९९ साली इंग्लंडमध्ये जुळली आणि ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये मोरचा शिरच्छेद होईपर्यंत टिकली. या छत्तीस वर्षांत ते एका छपराखाली फार थोडा काळ राहिले. उरलेला सगळा व्यवहार पत्रांनी चालला. एक जण गावोगाव फिरणारा, कुठल्याही दरबारात कायमचा न रमलेला विद्वान. दुसरा लंडनचा वकील, पुढे राजाचा सल्लागार, पार्लमेंटचा सभापती आणि शेवटी इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर. पंडित आणि राज्यकर्ता यांच्या पत्रमैत्रीचे उदाहरण द्यायचे झाले की ही जोडी हटकून पुढे केली जाते. ती मुळापासून वाचण्याची इच्छा असलेल्या वाचकासमोर मुख्यतः दोन आवृत्त्या आहेत. पहिली ऑक्सफर्डहून १९०६ ते १९५८ या काळात निघालेली, पी. एस. ॲलन यांनी सुरू केलेली बारा खंडांची लॅटिन आवृत्ती. दुसरी टोरांटो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९७४ पासून काढलेली इंग्रजी भाषांतराची मालिका, जिचे केवळ पत्रव्यवहाराचे खंडच विसाहून अधिक भरतात. या दोन्ही आवृत्त्यांचे हे परीक्षण मी संशोधक म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून लिहीत आहे. इतका पैसा आणि इतका वेळ खर्च करण्याआधी हाती नेमके काय पडणार आहे, एवढेच ज्याला जाणून घ्यायचे आहे अशा वाचकासाठी ते आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यामुळे पहिल्याच दिवशी निराशा होते. या दोन्ही आवृत्त्यांत इरॅस्मस आणि मोर यांच्या पत्रांचा वेगळा गठ्ठा नाही. इरॅस्मसची आणि इरॅस्मसला आलेली मिळून तीन हजारांहून अधिक पत्रे काळाच्या क्रमाने एकामागून एक लावलेली आहेत आणि मोरची पत्रे त्यांत विखुरलेली आहेत. मोरचे एक पत्र वाचून झाले की मध्ये बाझेलच्या मुद्रकाची चार पत्रे येतात, एखाद्या बिशपची खुशामत येते, लूव्हँच्या धर्मपंडितांशी चाललेले भांडण येते, पैशांचा तगादा येतो आणि मग कधीतरी पुन्हा मोर. केवळ दोघांची पत्रे निवडून वाचावीत असा मोह पडणे स्वाभाविक आहे. तो टाळावा, असे माझे मत आहे, आणि या परीक्षणातला बराचसा मजकूर त्या मताच्या समर्थनार्थच आहे. दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे बहुतांशी कामाची आहेत. या मैत्रीचे खरे पुरावे त्यांनी तिसऱ्याला लिहिलेल्या पत्रांत सापडतात.

ॲलन यांची आवृत्ती आधी घेऊ. पर्सी स्टॅफर्ड ॲलन हे १८९७ ते १९०१ या काळात लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. इरॅस्मसच्या पत्रांचा ध्यास त्यांनी त्याआधीच घेतला होता. परत गेल्यावर पत्नी हेलन यांच्या साथीने त्यांनी युरोपातल्या ग्रंथालयांत जाऊन हस्तलिखिते आणि जुने छापील संग्रह ताडून पाहिले. १९३३ साली ते वारले तेव्हा सात खंड बाहेर पडले होते. आठवा पुढच्याच वर्षी आला, त्यानंतरचे खंड हेलन ॲलन आणि एच. डब्ल्यू. गॅरड यांनी पूर्ण केले आणि सूचीचा बारावा खंड १९५८ साली प्रसिद्ध झाला. आज या विषयावर लिहिणारे सगळेच ॲलन यांनी दिलेले पत्रक्रमांक वापरतात. टोरांटोकरांनीही तेच क्रमांक ठेवले आहेत. त्यामुळे एका आवृत्तीत पाहिलेले पत्र दुसरीत शोधायला क्षणभरही लागत नाही, आणि ही सोय दिसते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

ॲलन यांचे खरे कर्तृत्व तारखांत आहे. इरॅस्मस पुष्कळदा दिवस आणि महिना लिही, वर्ष गाळी. पुढे स्वतःची पत्रे छापायला काढताना त्याने आठवणीवर भिस्त ठेवून वर्षे घातली आणि त्यांतली अनेक चुकली. ॲलन प्रत्येक पत्राच्या आधी एक छोटी टीप देतात: पत्र कुठल्या हस्तलिखितात किंवा छापील संग्रहात आहे, तारीख पत्रातली आहे की अनुमानाची, आणि अनुमानाची असल्यास ते कशावरून केले. कोण कुठल्या महिन्यात कुठल्या शहरात होता, कुठले पुस्तक छापखान्यात कुठवर आले होते, अमुक बातमी तमुक गावी पोहोचायला किती दिवस लागले असतील, अशा धाग्यांवरून वर्ष ठरवलेले असते. पानावर वर लॅटिन मजकूर, ओळींना क्रमांक, खाली पाठभेद आणि त्याखाली इंग्रजी टिपा अशी मांडणी आहे. टिपा मोजक्या आहेत आणि वाचकाला थोडेफार येत असेल हे गृहीत धरतात. लॅटिनचा गंध नसलेल्याला ही आवृत्ती एकटी पुरणार नाही, हे उघड आहे. तरीही टिपांसाठी ती जवळ असावी. आरंभीच्या खंडांच्या छायाप्रती इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतात, मात्र त्यांतला शोध बेभरवशाचा आहे: यंत्राने वाचलेल्या लॅटिनमध्ये अक्षरांची अदलाबदल इतकी होते की मोरचे नाव शोधायला जावे तर निम्मी ठिकाणे निसटतात. त्यापेक्षा पत्रक्रमांक हाताशी ठेवून पाने उलटणे बरे.

टोरांटोची मालिका वाचकासाठी आहे आणि ते पहिल्याच खंडात जाणवते. आर. ए. बी. मायनर्स आणि डी. एफ. एस. थॉमसन यांनी केलेले आरंभीच्या खंडांचे भाषांतर प्रवाही आहे. इरॅस्मसचा खवचटपणा आणि मोरचा कोरडा विनोद त्यांनी वेगवेगळ्या सुरांत सांभाळला आहे. पुढच्या खंडांत भाषांतरकार बदलतात तसा सूरही बदलतो, एवढी तक्रार करता येईल. टिपा मात्र विपुल आहेत. पहिल्या खंडाच्या शेवटी जॉन मन्रो यांनी त्या काळच्या नाण्यांवर दिलेले परिशिष्ट माझ्या दृष्टीने साऱ्या मालिकेतल्या सर्वांत उपयोगी पानांपैकी आहे, कारण ही पत्रे पैशांच्या गोष्टींनी भरलेली आहेत. कँटरबरीचे आर्चबिशप वॉरहॅम यांनी इरॅस्मसला केंट परगण्यातल्या आल्डिंग्टनच्या उत्पन्नातून वर्षासन लावून दिले होते. ते इंग्लंडमधून समुद्रापार पोहोचवायचे, त्यासाठी सावकाराची हुंडी घ्यायची, हुंडावळीत किती बुडाले याची कुरकुर ऐकायची, या सगळ्यात मोर मधला माणूस होता. पंडित आणि राज्यकर्ता यांच्या मैत्रीची उदात्त कल्पना घेऊन आलेल्या वाचकाला हे हिशेब खटकतील. मला ते आवडले. मित्राची रक्कम वेळेवर पोहोचावी म्हणून सावकाराच्या दारात उभा राहणारा मोर मला गौरवग्रंथांतल्या मोरपेक्षा अधिक पटतो.

दोघांमधले उपलब्ध असलेले सर्वांत जुने पत्र ऑक्सफर्डहून २८ ऑक्टोबर १४९९ रोजी इरॅस्मसने लिहिलेले आहे आणि त्यात पहिली गोष्ट कुठली असेल तर टपाल आणणाऱ्याच्या नावाने खडे फोडणे. मोरची पत्रे येतील म्हणून हा वाट पाहत होता, ती आली नाहीत. तेव्हा पत्रवाहक एक तर आळशी असला पाहिजे किंवा लबाड. त्या वेळी इरॅस्मसने तिशी ओलांडलेली होती आणि मोर एकवीस-बावीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. पुढची काही वर्षे पत्रांच्या दृष्टीने जवळजवळ कोरडी आहेत, कारण १५०५-०६ मध्ये इरॅस्मस पुन्हा इंग्लंडमध्ये आला तेव्हा दोघे शेजारी बसून ग्रीक लेखक लुशियनचे लॅटिनमध्ये भाषांतर करत होते आणि १५०९ मध्ये तर इरॅस्मस मोरच्याच घरी उतरला होता. मूर्खपणाची स्तुती करणारे त्याचे प्रसिद्ध पुस्तक त्याच मुक्कामात लिहिले गेले आणि मोरलाच अर्पण झाले. मैत्रीच्या भरभराटीचा काळ पत्रसंग्रहात रिकामा दिसावा, ही अशा संग्रहांची अंगभूत मर्यादा आहे. संपादकांनी प्रस्तावनांतून ती भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे, पण पत्रे ती पत्रेच.

खरा ऐवज १५१५ नंतर सुरू होतो. त्या वर्षी मोर राजाच्या वतीने व्यापाराच्या वाटाघाटींसाठी फ्लँडर्सला गेला. फेब्रुवारी १५१६ च्या सुमाराचे त्याचे परतल्यानंतरचे पत्र, म्हणजे क्रमांक ३८८, कुणीही वगळू नये. वकिलातीचे काम आपल्याला कधी आवडले नाही, असे तो सांगतो. पाद्री लोकांचे ठीक आहे, त्यांच्या मागे बायकापोरे नसतात. आपल्याला मात्र इकडे एक आणि तिकडे एक असे दोन संसार पोसावे लागतात, आणि आपण परत येईपर्यंत जरा उपाशी राहा म्हटले तर घरचे काही केल्या ऐकत नाहीत. त्याच पत्रात राजाने देऊ केलेले वर्षासन आपण अजून घेतलेले नाही, असेही तो लिहितो. सरकारी नोकरीकडे सरकत चाललेल्या माणसाची सगळी चलबिचल या एका पत्रात आहे, आणि ती कुठल्याही चरित्रापेक्षा इथे अधिक स्वच्छ दिसते, कारण लिहिताना पुढे काय होणार आहे हे मोरला ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी ३ सप्टेंबरला मोरने आपल्या काल्पनिक बेटावरच्या पुस्तकाचे, म्हणजे ‘युटोपिया’चे, हस्तलिखित इरॅस्मसकडे पाठवले. छपाईची जबाबदारी इरॅस्मसने घेतली, अँटवर्पच्या पीटर गिलिसने मदत केली आणि पुस्तक १५१६ च्या अखेरीस लूव्हँ येथे तिएरी मार्टेन्सच्या छापखान्यातून बाहेर आले. या तीन-चार महिन्यांतली पत्रे सलग वाचली तर पुस्तकाची प्रस्तावनापर पत्रे कुणाकडून मागवावीत, विद्वानांची शिफारस आधी घ्यावी की राजकारणातल्या वजनदार माणसांची, याबद्दल मोर किती दक्ष होता ते कळते. डिसेंबरच्या आरंभीचे पत्र क्रमांक ४९९ हे या साऱ्या मालिकेतले माझे सर्वांत आवडते पत्र आहे. मोर सांगतो, की त्या बेटावरच्या लोकांनी आपल्याला कायमचा राजा निवडले आहे असे दिवास्वप्न आपल्याला पडते. डोक्यावर गव्हाच्या लोंब्यांचा मुकुट, अंगात फ्रान्सिस्कन साधूची साधी कफनी, हातात राजदंड म्हणून धान्याची पेंढी, अशा थाटात तो चालला आहे आणि सोन्याने मढलेल्या परदेशी वकिलांना सामोरा जातो आहे. पण इतके ऐश्वर्य मिळाले तरी जुन्या मित्रांना विसरणार नाही, इरॅस्मसने चिंता करू नये, असे आश्वासनही तो देतो. मग पहाट होते, राज्य जाते आणि तो पुन्हा कोर्टकचेरीच्या घाण्याला जुंपला जातो. थट्टेचे हे पत्र लिहिणारा माणूस पुढे तेरा वर्षांनी खरोखरच राजाखालोखालच्या पदावर बसला, हे आठवून वाचक ते दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा ते तितकेसे थट्टेचे राहत नाही. टोरांटोच्या चौथ्या खंडात हे पत्र आहे आणि भाषांतरात त्याचा खेळकरपणा अजिबात उणावलेला नाही.

तिसऱ्या माणसाचा मुद्दा इथूनच सुरू होतो. १५१७ साली इरॅस्मस आणि गिलिस यांनी मिळून मोरला एक भेट द्यायचे ठरवले: क्वेंटिन मासाइस या चित्रकाराकडून दोघांची जोडचित्रे. काम रेंगाळले, आणि का रेंगाळले ते इरॅस्मस कळवतो: वैद्याने दिलेल्या गोळ्या घेऊन त्याचा चेहरा इतका बदलला, की चित्रकार म्हणाला, हा तो माणूसच नव्हे; तेव्हा बैठका पुढे ढकलाव्या लागल्या. चित्रे ऑक्टोबरमध्ये कॅले येथे मोरला मिळाली. गिलिसच्या चित्रात त्याच्या हातात मोरचेच एक पत्र दाखवलेले आहे. त्यावर मोरने गिलिसला जे लिहिले ते क्रमांक ६८४ मध्ये सापडते: चित्रकाराने माझे अक्षर असे हुबेहूब उतरवले आहे की मला स्वतःलाही ते पुन्हा तसे काढता येणार नाही, हा तर बनावट दस्तऐवज करणारा निघाला. पुढे तो ते मूळ पत्र परत मागतो, कारण चित्राशेजारी ते ठेवले तर नवल दुप्पट होईल. आता हे पत्र इरॅस्मसला लिहिलेले नाही. दोघांच्या पत्रांचा निवडक संग्रह करणारा काटेकोर संपादक ते गाळू शकेल आणि त्याला दोष देता येणार नाही. पण मैत्रीतला खरा आनंद, मित्रांची तसबीर हातात आल्यावर उडालेली तारांबळ, या पत्रात आहे. ही दोन चित्रे आज वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, इरॅस्मसचे इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आणि गिलिसचे लाँगफर्ड कॅसलमध्ये.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. २३ जुलै १५१९ रोजी इरॅस्मसने अँटवर्पहून उलरिख फॉन हुटेन या जर्मन सरदाराला मोरचे शब्दचित्र लिहून पाठवले, क्रमांक ९९९. गोरापान वर्ण, निळसर करडे डोळे, चालताना उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित वर. हात जरासे ओबडधोबड. जेवणात गोमांस, खारवलेले पदार्थ आणि जाडीभरडी पाव-रोटी. पाहुण्यांच्या संगतीत आपण वेगळे दिसू नये म्हणून कथलाच्या पेल्यातून पाणी किंवा अगदी पातळ बिअर पिण्याची युक्ती. घरात माकड, कोल्हा, मुंगसासारखी लहान जनावरे आणि नाना प्रकारचे पक्षी. ज्याला मोर आवडतो त्याने हे पत्र कुठेतरी उद्धृत झालेले वाचलेले असतेच. पण ते पूर्ण वाचले, म्हणजे त्यातली काळजीपूर्वक केलेली जुळवाजुळव दिसते. हुटेनला मोरविषयी उत्सुकता होती, इरॅस्मसला मोरची कीर्ती जर्मनीत पोहोचवायची होती, आणि पत्र लिहून तीन महिने होतात न होतात तोच ते फ्रोबेनच्या छापखान्यातून निघालेल्या संग्रहात छापूनही आले. टोरांटोच्या सातव्या खंडातली टीप हे सांगते आणि तिथेच वाचक सावध होतो. इरॅस्मसची पत्रे खासगी कधी आणि जाहीर कधी, ही सीमारेषा पुसट आहे. त्याने आपल्या हयातीत पत्रांचे अनेक संग्रह छापले आणि छापताना त्यांत फेरफार केले. मोरलाही हे ठाऊक होते. ही पत्रे म्हणजे कुलूपबंद पेटीत सापडलेली मनोगते असा कुणाचा समज असेल तर तो दूर करावा. मित्राबद्दलचा जिव्हाळा खराच आहे, पण तो श्रोत्यांसमोर व्यक्त झालेला जिव्हाळा आहे.

म्हणूनच जिथे श्रोत्यांचे भान सुटते त्या जागा मोलाच्या ठरतात. ऑगस्ट १५१७ मध्ये लंडनला घामज्वराची साथ आली आणि दोघांचा मित्र, राजाचा लॅटिन चिटणीस आंद्रेया अम्मोनिओ, काही तासांत गेला. मोरचे १९ ऑगस्टचे पत्र घाईचे आणि भेदरलेले आहे: मोजके खाण्यापिण्यामुळे आपल्याला काही होणार नाही असे अम्मोनिओ म्हणत असे, आणि आता रणांगणावर लंडनपेक्षा कमी धोका आहे. इथे वाक्ये सजवायला कुणाला सवड नव्हती. १५२० मधले जर्मेन द ब्री या फ्रेंच कवीशी मोरचे झालेले भांडण हे दुसरे असे ठिकाण. मोर चिडून उत्तर छापून बसला होता आणि इरॅस्मस, जो स्वतः जन्मभर वाद ओढवून घेत आला, तो इथे सबुरीचा सल्ला देतो. मोर कुरकुरतो, पण ऐकतो. या मैत्रीत नेहमी पंडितच राज्यकर्त्याला समज देत असे असे नाही. डोर्प आणि ली या टीकाकारांच्या प्रकरणांत मोरनेच इरॅस्मसची बाजू लावून धरली होती आणि त्याला आवरलेही होते.

दोघांची शेवटची भेट ऑगस्ट १५२१ मध्ये ब्रूज येथे झाली. त्यापुढची चौदा वर्षे सगळे पत्रांवर, आणि नेमक्या याच काळात पत्रे विरळ होतात. मोर १५२३ मध्ये सभापती झाला, १५२५ मध्ये लँकेस्टर डचीचा चॅन्सेलर आणि ऑक्टोबर १५२९ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर. चॅन्सेलरपदाबद्दल इतरांना लिहिताना इरॅस्मस म्हणतो, की अभिनंदन मोरचे नको आणि विद्येचेही नको, इंग्लंडचे करावे. इथे संपादकांकडून माझी अपेक्षा अधिक होती. दोघांमधले अंतर का वाढले, केवळ कामाचा बोजा होता की धर्माच्या प्रश्नावर मोर जास्त कठोर होत चालला होता आणि इरॅस्मस टोकाची भूमिका टाळत होता, या प्रश्नाला टिपांत ओझरता स्पर्श आहे. उत्तर वाचकाला स्वतःच जोडून घ्यावे लागते. १८ डिसेंबर १५२६ चे मोरचे पत्र, क्रमांक १७७०, या जोडणीला उपयोगी पडते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरविरुद्धच्या पुस्तकाचा दुसरा भाग इरॅस्मसने आता लांबवू नये, भीती वाटत असली तरी पूर्ण करावा, असे तो बजावून सांगतो. आणि त्याच पत्रात, इरॅस्मसच्या शिफारशीवरून आलेल्या हान्स होल्बाइनविषयी तो लिहितो, की तुझा चित्रकार अद्भुत कारागीर आहे, पण इंग्लंड त्याला वाटते तितके सुपीक निघणार नाही अशी धास्ती वाटते. मित्राला कर्तव्याची जाणीव करून देणारा करारी दरबारी आणि मित्राच्या माणसाची काळजी वाहणारा यजमान, दोघे एकाच कागदावर.

होल्बाइनचे बस्तान इंग्लंडमध्ये चांगलेच बसले, आणि त्याने काढलेल्या मोर कुटुंबाच्या रेखाटनामुळे तिसऱ्या माणसाचा मुद्दा पूर्णत्वाला जातो. ते रेखाटन इरॅस्मसच्या पाहण्यात आले. सप्टेंबर १५२९ मध्ये तो मोरची थोरली मुलगी मार्गारेट रोपरला लिहितो, की सगळ्यांना पाहिल्यावर आपण त्यांच्यातच बसलो आहोत असे वाटले. नोव्हेंबरमध्ये मार्गारेटचे उत्तर येते. मार्गारेट लॅटिन जाणणारी, इरॅस्मसच्या एका प्रार्थनापर पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केलेली विदुषी होती. वडील राज्याच्या कारभारात बुडालेले असताना या मैत्रीचा धागा तिने हाती धरला, असे ही दोन पत्रे, क्रमांक २२१२ आणि २२३३, शेजारी ठेवून वाचल्यावर माझे मत झाले. दोन्ही टोरांटोच्या सोळाव्या खंडात आहेत. तो खंड मुद्दाम घेण्याजोगा आहे, जरी त्यातला बाकीचा मजकूर मोरच्या वाचकाला बराचसा परका वाटेल.

अखेरचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. १६ मे १५३२ रोजी मोरने पद सोडले. जूनमध्ये त्याने इरॅस्मसला कळवले, की लहानपणापासून जी मोकळीक हवी होती ती मिळाली, आणि छातीच्या दुखण्यामुळे ती हवीच होती. १५३३ मध्ये त्याने चेल्सीच्या चर्चमध्ये स्वतःसाठी कोरवून ठेवलेला समाधिलेख पाठवला. त्या लेखात चोर, खुनी आणि पाखंडी यांना आपण त्रासदायक ठरलो, असे तो अभिमानाने नोंदवतो. हे वाचताना सहिष्णू इरॅस्मसच्या चाहत्यांना अवघडल्यासारखे होते, मलाही झाले. आणि ३१ ऑगस्ट १५३५ रोजी, क्राकोच्या बिशप तोमिस्कीला लिहिलेल्या पत्रात, इरॅस्मस म्हणतो, की मोरबरोबर मीच विझलो असे वाटते, इतका आमचा आत्मा एक होता. हे वाक्यही तिसऱ्यालाच लिहिलेले. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये बाझेल येथे तो स्वतः गेला.

उणिवांबद्दल. टोरांटोचे खंड महाग आहेत, आणि सगळी मालिका घरी घ्यावी असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. त्यांत लॅटिन मजकूर नाही, म्हणजे भाषांतर पटले नाही तर ॲलनकडे जावेच लागते. प्रत्येक खंडाची सूची वेगळी आहे. मोरचा माग अनेक खंडांतून काढायचा तर प्रत्येक सूची उघडावी लागते, आणि या कामाला ॲलन यांचा बारावा खंड अजूनही उत्तम. व्यक्तींची ओळख करून घेण्यासाठी टोरांटोनेच १९८५ ते १९८७ मध्ये काढलेला इरॅस्मसच्या समकालीनांचा तीन खंडांचा चरित्रकोश फार उपयोगी पडतो. मोरची बाजू हवी असणाऱ्याने एलिझाबेथ रॉजर्स यांनी संपादित केलेला मोरचा पत्रव्यवहार (प्रिन्स्टन, १९४७) विकत घेताना सावध असावे: ॲलनमध्ये आधीच छापलेली इरॅस्मसशी झालेली पत्रे त्यात पुन्हा छापलेली नाहीत, त्यांची फक्त नोंद आहे. नाव पाहून मागवणाऱ्याला नेमकी तीच पत्रे मिळत नाहीत, हे विक्रेत्याच्या वर्णनात सहसा लिहिलेले नसते.

माझा व्यावहारिक सल्ला असा: टोरांटोचे चौथा, पाचवा आणि सातवा हे तीन खंड जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे पाहावेत, कारण १५१६ ते १५२० हा या मैत्रीचा सर्वांत बोलका काळ त्यांत आहे; तिसरा मिळाला तर क्रमांक ३८८ साठी घ्यावा. बारावा आणि सोळावा ग्रंथालयातून आणून नेमकी पत्रे वाचावीत. शेवटच्या वर्षांची पत्रे एकोणिसाव्यापासून एकविसाव्यापर्यंत पसरली आहेत आणि त्यांतली मोरशी संबंधित पाने थोडी आहेत, तेव्हा तेही ग्रंथालयावर सोडावेत. पहिला खंड विकत घ्यायचा तर मन्रो यांच्या नाण्यांवरच्या परिशिष्टासाठी, आणि तो घेतला की वॉरहॅमच्या वर्षासनाच्या भानगडी वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी.